डाव्या हाताचं माप

मेहुण्याचा फोन आला. "गोदाम रिकामं करतोय. ताईची गाडी घेऊन जा, नाहीतर उद्या भंगारवाला येतोय." ताई म्हणजे माझी बायको. फोन स्पीकरवर होता. ‘देऊन टाक’ म्हणायला मी तोंड उघडतोय तोच ही स्वयंपाकघरातून ओरडली, "आज येतो आम्ही!"

गाडी मोटोक्रॉसची. म्हणजे रस्त्यावरची नव्हे, मातीतली. जे खड्डे आणि उंचवटे बघून शहाणी माणसं बाजूने जातात, त्यांवरून उड्या मारत न्यायची. लग्नाआधी ही अशा शर्यतींत उतरायची हे मला माहीत होतं. कुणाची बायको कॉलेजात नाटकात काम करायची, तशी माझी बायको मोटरसायकल पळवायची. एक फोटोही होता. त्यात चिखलाने माखलेलं कुणीतरी दात काढून हसत होतं आणि ती हीच असं मला सांगण्यात आलं होतं.

गोदामात पोत्यांखालून गाडी ओढून काढली तेव्हा मला हसूच आलं. टाकीला पोचे, चाकांचे आरे गंजून तुटलेले, सीटमध्ये उंदरांनी थाटलेला संसार. हँडलचं डावं टोक खाली आणि मागे दबलेलं. किकवर उभा राहिलो तरी ती जागची हलेना, म्हणजे पिस्टन सिलिंडरला चिकटलेला. ही मात्र गाडीभोवती एक चक्कर मारून आली, टाकीवरची धूळ तळहाताने पुसली आणि म्हणाली, "जुन्या गाड्यांची शर्यत आहे. साठीच्या आसपासच्यांचा वेगळा गट आहे. मी नाव देणार आहे."

"आणि गुडघा?"

"गुडघ्यासाठीच तर."

तिचा उजवा गुडघा झिजून गेला होता. ऑपरेशनची तारीख ठरली होती आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की नव्या सांध्यावर चालता येईल, जिने चढता येतील, पण मातीतल्या उड्या कायमच्या बंद. शर्यत त्या तारखेच्या आधी होती. म्हणजे ही एकच संधी. आता नाही तर कधीच नाही. हे तिने रडून सांगितलं असतं तर मी समजूत घातली असती. तिने ते भाजी आणायला सांगावं तसं सांगितलं, त्यामुळे माझं काही चालेना.

मी हो म्हटलं. मनात म्हटलं, आपण कशाला वाईटपणा घ्यायचा? गंजलेलं इंजिनच तिला नाही म्हणेल.

आता माझ्याबद्दल थोडं. मी जन्मभर पंपांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होतो. तयार झालेला प्रत्येक भाग माझ्या हाताखालून जायचा आणि केसभर चुकला तरी मागे जायचा. कारखान्यात मला ‘नापासराव’ म्हणायचे. तोंडावर नाही, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने. निवृत्त झाल्यापासून नापास करायला काही उरलं नव्हतं. घरातली चित्रं सरळ करत हिंडायचो, आणि ही ती मुद्दाम पुन्हा तिरकी करायची.

पिस्टनवर गंज सोडवणारं तेल ओतून ठेवलं. रोज सकाळी लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोकायचो. तो काही दाद देत नव्हता. मग एके सकाळी तो दाण्याएवढा सरकला, आणि मी घरात ओरडत गेलो, "हलला! हलला!" ही दात घासत होती. तिने तोंडात ब्रश तसाच ठेवून मला मिठी मारली. वाईटपणा इंजिनवर ढकलायचा बेत तिथेच बारगळला. या बाईला त्या गाडीवर बसवायचंच, असं त्या क्षणी माझ्या मनाने घेतलं.

मग मी स्वतःला झोकून दिलं. सिलिंडर लेथवाल्याकडे नेऊन घासून घेतला, नवा पिस्टन बसवला. कार्ब्युरेटर रॉकेलमध्ये बुडवून त्याचं एकेक भोक तारेने मोकळं केलं. चाकं नव्या आऱ्यांनी विणली. चाक फिरवायचं, डगमग बघायची, एक आरा पाव फेरा आवळायचा, पुन्हा फिरवायचं. बघणाऱ्याला वेड लागेल असं काम, मला मात्र स्वर्गसुख. दबलेलं हँडल काढून भंगारात टाकलं आणि त्याच बनावटीचं, त्याच जाडीचं, अगदी सरळ नवं हँडल शोधून आणलं. शेवटी गाडीला दोरा लावून पाहिला. पुढचं चाक, मागचं चाक, हँडल, सगळं एका रेषेत. कारखान्यातून निघाली तेव्हाही ती इतकी अचूक नसेल, हे मी पैजेवर सांगतो.

ही दोन किकांत सुरू झाली. ‘ही’ म्हणजे गाडी. निळा धूर, पत्र्यावर खडे पडावेत तसा आवाज. बायकोने हेल्मेट घातलं आणि वसाहतीमागच्या मोकळ्या मैदानाकडे गेली. मी छाती फुगवून उभा राहिलो.

ती परत आली, इंजिन बंद केलं आणि हेल्मेट काढलं. मग म्हणाली, "अहो, ही माझी गाडी नाही."

मला आधी गंमत वाटली. मग तिचा चेहरा पाहिला.

"उजवीकडे वळायला गेलं की डावा हातच पुरत नाही. क्लच धरताना कोपर बाहेर फेकला जातो. त्या उंचवट्यावर पडले असते मी. जुनं हँडल कुठाय?"

"भंगारात."

"का?"

"का म्हणजे? वाकलेलं होतं ते!"

"वाकलेलं नव्हतं, वाकवलेलं होतं!"

मग तिने बाही वर केली. खरं म्हणजे गरज नव्हती. शाळेत असताना तिचा डावा हात मोडला होता आणि वाकडा जुळला. तो कोपर पूर्ण सरळ होत नाही हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. वरच्या फळीवरचे डबे मी काढून देतो ते त्याच हातामुळे. पण तो हात आणि ते हँडल यांचा संबंध माझ्या डोक्यात आलाच नाही. तिच्या भावाने तेव्हा फाटकाच्या खांबात अडकवून, लोखंडी पाइप घालून हँडलचं डावं टोक तिच्या हाताला येईल असं वळवलं होतं. मी त्याला अपघात समजलो. आयुष्यभर मापं घेतली, आणि ज्या माणसासाठी गाडी करत होतो त्याचंच माप घेतलं नाही. मला इतकी लाज वाटली की मी तिच्यावरच चिडलो.

"आधी सांगायला काय झालं होतं?"

"मला काय ठाऊक तुम्ही तेही सरळ कराल! घरातली चित्रं पुरेनात का?"

दुसऱ्या दिवशी मी भंगारवाल्याकडे जाऊन आलो. हँडल केव्हाच वितळायला गेलं होतं. परत येऊन मी नवंकोरं हँडल शिकंज्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, आवळून धरलं आणि पाइप घेतला. पाइप हातात घेऊन मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. निर्दोष वस्तू जाणूनबुजून वाकडी करायची! माझ्या टेबलावर असं कुणी केलं असतं तर मी त्याला दारापर्यंत पोचवून आलो असतो.

"होईल का तुमच्याने?" ती दारातून म्हणाली. आवाजात राग नव्हता.

"कुठपर्यंत आणू ते सांग. बोटं, इंच, काहीतरी सांग."

"ते असं सांगता येत नाही." ती गाडीवर बसली, डोळे मिटले, उजव्या हाताने उजवी मूठ धरली आणि डावा हात हवेत जिथे आपोआप थांबला तिथे थांबू दिला. "इथे."

मग सुरू झालं. मी थोडं वाकवायचो, हँडल गाडीवर चढवायचो, ती बसायची. "अजून." पुन्हा काढा, पुन्हा शिकंजा. "थोडं मागे." "किंचित खाली." "आता जास्त झालं." ‘थोडं’ आणि ‘किंचित’ कुठल्या पट्टीवर असतात हे मी तिला विचारलं, तर म्हणाली, "माझ्या." घाम निथळत होता, खांदे भरून आले होते. शेवटी एकदा तिने डोळे मिटूनच हात टाकला आणि बोटं मुठीवर अलगद बसली. तिने क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला, आणि हसली. फोटोतली ती हीच होती, याची मला त्या दिवशी खात्री पटली.

शर्यतीच्या मैदानावर आधी गाड्यांची तपासणी. तपासनीस हडकुळा, चष्मा नाकाच्या टोकावर. त्याने ब्रेक पाहिले, चेन पाहिली, आरे नखाने वाजवून पाहिले. मला माणूस आवडला. मग तो हँडलपाशी थांबला.

"वाकलंय. पडून वाकलेलं हँडल चालत नाही. बदला, नाहीतर गाडी बाहेर."

एरवी हेच शब्द माझ्या तोंडून आले असते, आणि याच तोऱ्यात.

"पडून नाही वाकलेलं," मी म्हटलं. "मी वाकवलंय."

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "कशासाठी?"

"अगं, बस जरा," मी हिला म्हटलं.

ती बसली. तिने दोन्ही मुठी धरल्या. तपासनीस समोर जाऊन उभा राहिला. हँडल तिरकं होतं, पण तिचे खांदे अगदी एका पातळीत होते. तो तिच्या कोपराकडे पाहत राहिला. मग त्याने हँडलच्या वाकावर चारही बाजूंनी बोट फिरवलं, चीर कुठे लागते का पाहिलं, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला आणि टाकीवर पास झाल्याची चिठ्ठी चिकटवली. "पण दुसऱ्या कुणाला चालवायला देऊ नका."

सुरुवात झाली आणि धुळीत मला काहीच दिसेना. मग उंचवट्यावरून एकेक गाडी वर येऊ लागली आणि त्यांच्यात तिची लाल टाकी दिसली. आधी शेवटून दुसरी, मग मधोमध. उजव्या वळणावर ती अशी झुकली की आता मातीला टेकते असं वाटलं, आणि तशीच सफाईने बाहेरही पडली. मी शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरून हलवत होतो. तो बिचारा सहन करत होता.

शेवटच्या फेरीत, माझ्या डोळ्यांसमोर, चढावर ती पडली.

मी दोरीखालून आत शिरलो. झेंडा घेतलेला स्वयंसेवक ओरडला, "काका, गाडीला हात लावू नका! हात लावलात तर त्या बाद!" मी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबलो. ती गुडघा धरून बसली होती. गाडी आडवी, इंजिन बंद, पुढचं चाक एकीकडे आणि हँडल दुसरीकडे फिरलेलं.

"लागलं का? उठू नकोस. पुरे झालं."

"तुम्ही दोरीपलीकडे व्हा."

ती उठली. गाडी उभी करायला गेली, गाडी पुन्हा आडवी झाली. मला ते बघवेना. दुसऱ्यांदा तिने सीटला पाठ लावली आणि पायांच्या जोरावर गाडी उभी केली. किक मारली. गुडघ्यातून कळ गेली ती मला तिच्या चेहऱ्यावर दिसली. इंजिन गप्प. पुन्हा किक. गप्प. बाकीच्या गाड्या केव्हाच पुढे निघून गेल्या होत्या.

"अगं, आधी ते हँडल तरी सरळ कर!"

"राहू दे वाकडंच!"

मग तिने गाडी उताराकडे वळवली. मला वाटलं, सोडून निघाली. आणि खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. पण ती बसली, पाय जमिनीवरून उचलले आणि गाडी उतारावर घरंगळू दिली, उलट्या दिशेने, मैदानाच्या कडेकडेने. तळाशी तिने क्लच सोडला. गाडीने एक आचका खाल्ला, खोकली, आणि सुरू झाली. तिने कडेनेच गाडी वळवली आणि वेग घेऊन पुन्हा त्याच चढावर आली. माझ्या अंगावर माती उडवत, वाकड्या हँडलने, ती वर गेली आणि पलीकडे दिसेनाशी झाली.

मी धावत सुटलो. शेवटच्या रेषेपाशी पोचलो तेव्हा पहिला, दुसरा, तिसरा, सगळे येऊन हेल्मेट काढून बसले होते. लोक पांगायला लागले होते. रेषेवरचा माणूस झेंडा काठीला गुंडाळत होता.

"थांबा!" मी ओरडलो. "गुंडाळू नका! अजून एक आहे!"

"सगळे आले की, काका."

"नाही आले. माझी बायको यायची आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या मैदानाकडे. तिथे कुणीच नव्हतं. पण उंचवट्यामागून, पत्र्यावर खडे पडावेत तसा आवाज जवळ येत होता. त्याने झेंडा उलगडला आणि वर धरला.