उंबऱ्याबाहेरचा वॉकर

मी एक जुना वॉकर आहे, मित्रांनो. मला पाय चार, पण स्वतःहून एक पाऊलही टाकता येत नाही. कुणी धरलं, तरच मी चालतो.

एका कारखान्यात ॲल्युमिनियमच्या नळ्या वाकवून मला उभं केलं आणि पायांना रबरी बूट घातले. परभणीच्या दुकानातून मला गंगाखेडच्या किशनरावांनी नेलं. त्यांचा मोडलेला पाय माझ्या आधाराने बरा झाला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते माझं कौतुक सांगायचे. पुढे ते आपले आपण चालू लागले आणि माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले. मला राग यायचा, खोटं कशाला सांगू?

मग त्यांच्या थोरल्या बहिणीचं, वालूरच्या नर्मदाबाईंचं, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, "आता पुन्हा पडलात तर उठणं अवघड आहे." किशनरावांनी मला वालूरला पाठवलं. नर्मदाबाईंच्या मुलाने, भागवतने, माझे झिजलेले रबरी बूट बदलले. आईने हात खाली सोडले की मनगट येईल तेवढी माझी उंची केली.

सुरुवातीला नर्मदाबाई मलाच ओढून उठायला बघायच्या. मी त्यांच्या अंगावर कलंडायचो. सून शिवकन्या समजवायची, "वाकर ओढू नका, आत्याबाई. पलंगावर हात रेटून उठा, मंग ह्याला धरा." चालताना आधी मी, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. बसताना पोटऱ्यांना पलंग लागेपर्यंत मागे सरकायचं, हात मागे टेकायचा आणि हळूच बसायचं. पंधरा दिवसांत सगळं जमलं.

एकच खोड जात नव्हती. अंगणातल्या संडासाला जाऊन आल्या की त्या मला उंबऱ्याबाहेर चपलांशेजारी ठेवायच्या. "संडासातून आलेला वाकर देवापुढं कसा न्यावा?" म्हणायच्या आणि भिंत धरत स्वयंपाकघरातल्या देवघराकडे निघायच्या. चपलांशेजारी उभं राहण्याचं मला वाईट वाटायचं, पण त्यांचा पाय घसरेल ही भीती त्याहून जास्त वाटायची.

एका सकाळी तेच झालं. माठातून सांडलेल्या पाण्यावर त्यांचा पाय सरकला. मी दारातून नुसता बघत राहिलो. शिवकन्या तव्यावरची भाकर तशीच टाकून धावली आणि तिने सासूला कमरेत मिठी घालून धरलं. दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"वाचले ग बाई," नर्मदाबाई एवढंच म्हणाल्या.

शिवकन्येने त्यांना खुर्चीवर बसवलं. ती रागावली नाही. आधी तिने सांडलेलं पाणी पुसलं. मग बादली घेऊन बाहेर आली, साबण लावून माझे चारही पाय धुतले, कोरड्या फडक्याने खडखडीत पुसले आणि मला खुर्चीपुढे आणून उभं केलं.

"बाहेरून आल्यावर आपण पाय धुऊनच घरात येतो ना, आत्याबाई? मंग ह्याचेबी धुतले."

नर्मदाबाई माझ्या पायांकडे बघत बसल्या. मग खुर्चीच्या हातांवर रेटा देऊन उठल्या आणि त्यांनी मला धरलं. आम्ही दोघे देवापुढे गेलो. मला सोडून हात जोडता येईनात, तेव्हा त्यांनी नुसती मान झुकवली. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी भागवत शेतातून आला. दारात मी दिसलो नाही, तसा तो धावत उंबऱ्याशी आला. "आई कुठं गेली?" तो ओरडलाच.

"आरं, घरातच हाय मी," आतून आवाज आला. "वाकरबी आतच हाय."

भागवत उंबऱ्यावरच बसला आणि हसायला लागला.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला दाराबाहेर ठेवू नका. माणूस घरातही पडतो. त्याचे पाय धुवा, कोरडे करा, झिजलेलं रबर बदला आणि आजीच्या पलंगाशी त्याला उभं करा. तिला उठावंसं वाटेल तेव्हा तो हाताशी असला, म्हणजे तिला कुणाला हाक मारावी लागणार नाही.