मधल्या बहिणीचे मुद्दे

स्टाफरूममध्ये पाठीमागे तिला ‘कादंबरीबाई’ म्हणतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं. म्हणेनात का! वीस वर्षं एकाच कादंबरीसाठी भांडत बसलेल्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार?

ती इंग्रजी शिकवायची. एम.ए.ला ‘आधुनिकतावाद’ नावाचा पेपर होता आणि त्यात नऊ पुस्तकं होती. नऊच्या नऊ पुरुषांची. त्यांच्याशी तिचं वैर नव्हतं, शिकवताना ती रंगूनही जायची. पण वर्षाच्या शेवटी दरवेळी मनात तोच प्रश्न यायचा, की सगळं जग उलटंपालटं होत होतं तेव्हा बायका काय नुसत्या कपबश्या विसळत होत्या?

नव्हत्या ना! तिच्याकडे पुरावा होता. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात एका बाईने इंग्रजीत लिहिलेली दीडशे पानांची कादंबरी. आई गेल्यावर तीन बहिणी तिचं घर आवरायला जमतात, एका दुपारी कपाटं रिकामी करतात आणि संध्याकाळी आपापल्या घरी जातात. संपलं. पण लिहिलंय असं की विचार एका बहिणीच्या डोक्यातून दुसरीच्या डोक्यात कधी शिरला याचा पत्ता लागत नाही. आणि ऐंशीव्या पानावर, चादरींच्या घड्या घालणं चालू असताना, मध्येच एक वाक्य येतं: बरं झालं, गेली एकदाची. तिघींपैकी कोणाच्या मनात आलं, ते लेखिका शेवटपर्यंत सांगत नाही.

ते पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती बावीस वर्षांची होती. पुस्तक मिटून तिने खोलीचं दार लावून घेतलं होतं. आपल्याला नोकरी लागली तर हे पुस्तक मुलांना वाचायला लावायचं, हे तेव्हाच ठरलं. आता निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि मुलांनी त्याचं मुखपृष्ठही पाहिलं नव्हतं.

अभ्यास मंडळाच्या बैठकीत तिने तीनदा विषय काढला. विभागप्रमुख सर माणूस वाईट नव्हते. कोणाला दुखवायचे नाहीत आणि कोणाचं ऐकायचेही नाहीत. पहिल्या वेळी म्हणाले, “मॅडम, बायकांचा वेगळा पेपर आहे की. शेवटच्या सत्रात, ऐच्छिक.”

“सर, तो पेपर गेल्या सहा वर्षांत एकानेही घेतलेला नाही.”

“त्याला आपण काय करणार? ऐच्छिक आहे ना.”

दुसऱ्या वेळी म्हणाले, “पण मॅडम, त्यात घडतं काय?” हा प्रश्न तिचा दातांचा डॉक्टर नवराही लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात विचारून मोकळा झाला होता. नवऱ्याला तिने माफ केलं होतं. त्याचं काम दात काढायचं. पण इंग्रजीच्या प्रमुखाने हे विचारावं म्हणजे कपाळावर हात मारून घ्यायची पाळी! बरं, यादीतल्या नऊ पुस्तकांत तरी काय घडत होतं? एकात एक गृहस्थ चारशे पानं दाढीच करत असतो, त्याला कोणी असं विचारत नाही.

तिसऱ्या वेळी सरांनी खरं कारण सांगितलं. “याचं गाईड नाही बाजारात. नियमच आहे, संदर्भसाहित्य उपलब्ध हवं. मुलांनी लिहायचं कशातून?”

“पुस्तकातून, सर.”

टेबलाभोवतीचे सगळे हसले. तिने विनोद केला असं त्यांना वाटलं.

कॉलेजच्या फाटकासमोर गाईडं छापणाऱ्याचं दुकान होतं. ती तावातावाने तिथे गेली. गाईडवाल्याने कादंबरीचं नाव लिहून घेतलं, यादी पाहिली आणि म्हणाला, “अभ्यासक्रमात नाही हे. अभ्यासक्रमात आलं की गाईड काढू.”

“अहो, गाईड असल्याशिवाय ते अभ्यासक्रमात येत नाही!”

“मग अवघड आहे,” तो मनापासून म्हणाला.

घरी येऊन तिने पर्स सोफ्यावर आपटली. नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं आणि शहाण्यासारखं पुन्हा आत घातलं. लेक बारावीचा अभ्यास करत जेवणाच्या टेबलावर बसली होती. सगळं ऐकून ती म्हणाली, “आई, तूच लिही ना गाईड. तुझ्याइतकं कोणाला माहितीये ते?”

शिक्षकांनी गाईड लिहायचं नाही असा विद्यापीठाचा नियम होता. उघडकीला आलं तर ते मूळ पुस्तकच अभ्यासक्रमातून बाद व्हायचं आणि लिहिणाऱ्याला परीक्षेचं काम कायमचं बंद. तिने आठ दिवस विचार केला, नवव्या दिवशी गाईडवाल्याकडे गेली आणि म्हणाली, “मी लिहून देते. नाव माझं घालायचं नाही.”

“आम्ही कोणाचंच घालत नाही,” गाईडवाला म्हणाला. “‘एक अनुभवी प्राध्यापक’ असं घालतो. सगळी त्यांनीच लिहिलेली आहेत.”

लिहिताना नाकी नऊ आले. दीडशे पानांत एकसंध वाहणारी दुपार तिने प्रकरणांत तोडली, कथानकाचा सारांश केला. “पॉइंट्स टाक, आई,” लेक शिकवायची. “आणि खाली रेघ मार. रेघ मारलेलंच पाठ करतात.” ज्या बाईने तीन बहिणींची मनं एकमेकींत मिसळून टाकली होती, त्या बाईच्या पुस्तकाचं तिने थोरली, मधली, धाकटी असं वाटप केलं. ऐंशीव्या पानापाशी मात्र तिने प्रामाणिकपणे लिहिलं, की हा विचार कोणाचा ते सांगता येत नाही.

गाईडवाल्याने ते पान परत पाठवलं. फोनवर म्हणाला, “मॅडम, ‘सांगता येत नाही’ असं लिहून कोणी दहा मार्क देतं का? तुम्ही तरी देता का?”

तिने फोन ठेवला. देत नव्हती.

मग तिने स्वभावचित्रांची पानं समोर घेतली. थोरलीचे नऊ मुद्दे झाले होते, धाकटीचे आठ. मधलीचे मात्र पाचच, पानाचा खालचा भाग मोकळा दिसत होता. तिने पेन उचललं आणि मधलीच्या खाली सहावा मुद्दा लिहिला: ‘आईच्या मृत्यूचा आनंद मानणारी, कठोर मनाची.’ खाली रेघ मारली. पान भरलं.

आणि काय सांगावं, पुढच्या बैठकीत कादंबरी पाच मिनिटांत मंजूर झाली! सरांनी गाईड हातात धरून सगळ्यांना दाखवलं. “उत्तम काम आहे. कोण आहेत हे देव जाणे, पण जाणकार आहेत.” ती त्या दिवशी घरी पायी गेली. बस पकडायचं तिला सुचलंच नाही, इतका आनंद झाला होता.

तो आनंद टिकला जूनच्या पहिल्या तासापर्यंत. वर्गात साठ मुलं. कादंबरी तिच्या एकटीच्या हातात आणि गाईड बाकीच्या सगळ्यांच्या. तिने पहिलं पान मोठ्याने वाचलं. तेवढ्यात मागून प्रश्न आला, “मॅडम, हे गाईडमध्ये कितव्या पानावर?”

वर्षभर हेच चाललं. ग्रंथालयात तिने हट्टाने दोन प्रती घ्यायला लावल्या होत्या. ती चिडली, समजावत बसली, ओरडली, एकदा तर वर्गातून निघून गेली. ऐंशीवं पान आलं तेव्हा ती म्हणाली, “हा विचार कोणाचा, हे लेखिका सांगत नाही. का सांगत नसेल? विचार करा.” पहिल्या बाकावरचा सभ्य मुलगा उठून उभा राहिला. “पण मॅडम, गाईडमध्ये मधलीचा म्हणून स्पष्ट दिलंय.”

“गाईड चुकलंय.”

मुलाने अडचणीत पडल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं. “मॅडम, ते लिहिणारे अनुभवी असतात.”

तिने हात टेकले. दुसरं काय करणार?

परीक्षा झाली. पेपर प्रमुखांनीच काढला होता आणि चौथा प्रश्न होता: ऐंशीव्या पानावरचा विचार कोणाचा, ते सकारण लिहा. दहा मार्क. तपासणी मोठ्या हॉलमध्ये, लांब टेबलांवर. उत्तरपत्रिकांवरच्या नावांवर कागद चिकटवलेले. तपासणाऱ्यांना लाल पेन, मॉडरेटर म्हणून फेरतपासणी करत फिरणाऱ्या प्रमुखांना हिरवं. सोबत एक छापील नमुना उत्तर, म्हणजे गाईडमधला तिचाच परिच्छेद, एका अक्षराचा फरक न करता.

दुपारपर्यंत तिने एकेचाळीस पेपर तपासले. एकेचाळीस वेळा मधली बहीण कठोर मनाची निघाली. आपलीच वाक्यं वेगवेगळ्या अक्षरांत वाचून ती विटली. मेली ती मधली! पुस्तकात बिचारी कुठेही कठोर नाही. आईची चप्पल टाकून देताना रडते ती मधलीच. आणि ते कोणालाच माहीत नाही, कारण सारांशात चपलेला जागा झाली नव्हती.

बेचाळिसाव्या पेपरात चौथ्या प्रश्नाचं उत्तर अर्धं पानच होतं. इंग्रजी मोडकंतोडकं, खाडाखोड भरपूर. लिहिलं होतं ते असं: ‘पुस्तकात हे सांगितलेलं नाही. मी ते पान पुष्कळदा वाचलं. त्या वेळी तिघींचे हात एकाच चादरीला लागलेले आहेत. माझी आजी चार वर्षं अंथरुणावर होती. ती गेली तेव्हा माझी आई आणि दोन मावश्या तिचे कपडे आवरत होत्या. तेव्हा खोलीत असंच काहीतरी होतं आणि कोणीच बोललं नाही. मला वाटतं लेखिकेने नाव लपवलं ते कोडं घालायला नाही. एकटीवर दोष येऊ नये म्हणून.’

तिने पेन खाली ठेवलं.

पस्तीस वर्षं ती हे पुस्तक वाचत होती. लेखिकेच्या तंत्रावर तिने परिषदांत दोन निबंध वाचले होते, एक परदेशात. पण ‘एकटीवर दोष येऊ नये म्हणून’ हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आणि तिने काय केलं होतं? पान भरायला तो दोष एकटीच्या माथी मारून खाली रेघ ओढली होती. तिला भर हॉलमध्ये रडू आलं. चष्मा पुसायचं निमित्त करून तिने ते आवरलं आणि समासात लिहिलं: नऊ.

तासाभराने प्रमुख सर तो पेपर घेऊन आले. “मॅडम, नजरचूक झाली वाटतं. इथे दोन हवेत. प्रयत्नाचे.”

“नजरचूक नाही सर. वाचून दिलेत.”

“नमुना उत्तरात मधली बहीण आहे.”

“नमुना उत्तर चूक आहे.”

“आधार काय?” सरांचा आवाज खरोखरच समजुतीचा होता. “मॅडम, तुमचं या पुस्तकावर प्रेम आहे, मान्य. पण मॉडेलच्या विरुद्ध मार्क द्यायचे तर लेखी आधार लागतो. गाईड लिहिणाऱ्या माणसाने अभ्यास करूनच लिहिलं असेल ना?”

“अभ्यास नाही केला, सर. मधलीला मुद्दे कमी पडत होते म्हणून लिहिलं.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मी लिहिलंय ते.”

शेजारच्या टेबलावरची लाल पेनं थांबली. सरांनी आजूबाजूला पाहिलं, खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “हे मी ऐकलं नाही. आणि खरं असेल तर प्रश्नच मिटला की! तुम्हीच लिहिलंय मधली. मग मधलीच.”

एवढ्या वर्षांत सरांनी केलेला हा सगळ्यात बिनतोड युक्तिवाद होता.

“मॅडम, विचार करा,” सर म्हणाले. “दोन मार्क देऊन टाका. मुलगा असेल नाहीतर मुलगी, पास तर होतंय. तुम्ही हे लेखी दिलंत तर मला वर कळवावं लागेल. वीस वर्षं झगडून आणलेलं तुमचं पुस्तक एका दिवसात बाहेर जाईल.”

“पुस्तक आलंच कुठे होतं, सर?” ती म्हणाली. आवाज चढला होता आणि तिला त्याची पर्वा नव्हती. “आलं ते माझं गाईड. साठ जणांनी ते पाठ केलं, तुम्ही त्यातून पेपर काढला, मी त्यावर मार्क वाटले. पुस्तक वाचलं ते या एका पोराने नाहीतर पोरीने, आणि त्यालाच आपण दोन देतोय!”

मतभेदाचा फॉर्म टेबलाच्या टोकाला होता. तिने तो ओढून घेतला. आधाराच्या रकान्यात लिहिलं, की नमुना उत्तर ज्या गाईडमधून घेतलं ते गाईड मी लिहिलं आहे आणि त्यातला हा मुद्दा मी मनाचा घातला आहे. कादंबरीत तो नाही. या विद्यार्थ्याचं उत्तर बरोबर आहे.

सर उभे राहिले होते. “सही करू नका,” ते म्हणाले. “अजून फाडता येईल.”

तिने खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, कंसात ‘अनुभवी प्राध्यापक’ असं घातलं आणि कागद त्यांच्या हातात दिला.