क्लॅरीचा प्लॅटिपस

"तो बघ! पाण्यातल्या ओंडक्याच्या उजवीकडं. दिसला?"

"दिसला," क्लॅरी म्हणाला. "झकास आहे गं."

ओंडक्याच्या उजवीकडे नुसते पाणी होते. मी धडधडीत खोटे बोलले होते आणि बेचाळीस वर्षांच्या संसारात प्रथमच माझ्या नवऱ्याने वाद न घालता माझे ऐकून घेतले.

ऑस्ट्रेलियातल्या युंगेलाच्या जंगलातली ती आमची तिसरी संध्याकाळ. तिथे नदीवर लाकडी सज्जा आहे. उन्हे उतरली की तळावरचे सगळे कॅरॅव्हॅनवाले येऊन कठड्याला टेकून उभे राहतात, आणि कुणी चकार शब्द काढत नाही. प्लॅटिपस, म्हणजे बदकासारख्या चोचीचा नदीतला प्राणी, जरा चाहूल लागली की बुडी मारतो.

क्लॅरीने अडतीस वर्षे नगरपालिकेत रस्त्यांवर पांढऱ्या रेषा मारल्या. त्या रेषांच्या कडेने लोक सुट्टीला निघून जात आणि हा डबा-ब्रश घेऊन तिथेच. निवृत्त झाल्यावर आम्ही कॅरॅव्हॅन घेतली, आणि वर्षाच्या आत त्याच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग धरला. डॉक्टर म्हणाले, समोरचे जाईल, कडेचे राहील. मग गाडी मी शिकले. मागे बावीस फुटांचे घर ओढत मी चालवायची आणि शेजारी बसलेल्या त्याला सांगत राहायची: डावीकडे दोन एमू, झाडाच्या बेचक्यात झोपलेला कोआला. प्राण्यांच्या बागेत त्याला कांगारूच्या पाठीवरून हात तरी फिरवता आला. प्लॅटिपसला कोण हात लावू देणार? आणि साऱ्या दौऱ्यात त्याने तेवढे एकच मागितले होते. तीन दिवसांनी ब्रिस्बेनला त्याच्या डोळ्यांची तपासणी होती, परवा पहाटे निघणे भाग होते.

चौथ्या संध्याकाळी आम्ही सज्ज्यावर पोचतो तोच शेजारच्या कॅरॅव्हॅनमधली डॅफ्नी कुजबुजली, "काल तुम्हाला दिसला म्हणे! आम्ही आठवडाभर इथं डोळे फोडतोय आणि तुमचं बरंय, आल्या आल्या दर्शन."

मी पिशवीत उगाच काहीतरी शोधू लागले. क्लॅरी मात्र शांतपणे म्हणाला, "हो तर. ही केवढी शेपटी!"

याला सगळे कळले होते. तरी त्याने मला सांभाळून घेतले. त्या क्षणी मला इतकी लाज वाटली आणि त्याच्याबद्दल इतकी माया दाटून आली, की मी नदीकडे बघण्याचेच विसरले.

सगळ्यांच्या नजरा पाण्याच्या मध्यावर. क्लॅरी मात्र भलतीकडेच, काठावरच्या झाडाच्या शेंड्याकडे बघत होता.

"अरे, नदी खाली आहे," मी हळूच म्हटले.

"गप गं जरा." त्याने माझे मनगट घट्ट धरले. "आला. झाडाच्या मुळाशी. पाण्यावर पसरलाय नुसता, गाल भरून काहीतरी चघळतोय... वळला... गेला."

मी आणि डॅफ्नीने एकदमच माना वळवल्या. मुळांपाशी पाण्यावर वर्तुळे पसरत होती, बाकी काही नाही.

"गेला?" डॅफ्नी कळवळली. "मेल्या, बोलायचंस ना आधी!"

"मोठ्यानं बोललो असतो तर पळाला असता." क्लॅरी हसत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "एवढासाच असतो गं! मला वाटायचं, चांगला कुत्र्याएवढा असेल. माझ्या मोठ्या ब्रशाएवढाच की."

"पण तू तर झाडाकडं बघत होतास!"

"समोर बघितलं की डाग आडवा येतो. ज्याला बघायचं त्याच्या बाजूला बघावं लागतं, मग तो कडेनं दिसतो."

डॅफ्नी आणि बाकीचे निघून गेले. सज्ज्यावर आम्ही दोघेच उरलो.

"कालचं सोड," मी म्हटले. "मी आपलं उगीच..."

"तू दाखवत होतीस ना, नोलीन, तेवढ्यानंच भागलं होतं माझं."

तो बोलताना माझ्या खांद्यापलीकडे, कठड्याच्या टोकाकडे बघत होता. गेले वर्षभर हा माझ्याशी बोलताना असाच दुसरीकडे बघायचा, आणि मला मनातून राग यायचा.

"रडतेस कशाला?" कठड्याकडे बघतच तो म्हणाला. "हनुवटी बघ कशी हलतेय तुझी."

मी डोळे पुसले नाहीत. त्याला हवे तेवढे बघता यावे म्हणून तशीच उभी राहिले.