उभी तसबीर

नेऱ्याच्या पारासमोरच्या मांडवात त्या रविवारी मुंगीला शिरायला वाट नव्हती. पनवेलहून टांगे आले होते, उरणकडून बैलगाड्या आल्या होत्या आणि सगळ्यांचे डोळे समोरच्या तसबिरीवर खिळले होते. डोंगरातल्या तळ्यावर देवी प्रकटली होती आणि तिनं म्हणे चक्क फोटो काढू दिला होता. दोन काळेभोर डोळे, दोन्हीकडे पसरलेले हात, डोक्यावर टोकदार मुकुट.

तसबिरीशेजारी भगव्या कफनीत बसलेल्या दयारामबाबाच्या तोंडाला खळ नव्हती. "माणूस खोटं बोलेल, कॅमेरा बोलेल का?" असं विचारून तो तळ्याचं पाणी तीर्थ म्हणून पाजत होता. सर्पदंश असो, वांझपण असो की कोर्टातली तारीख, उतारा तोच. स्वतः बाबा मात्र घसा सुकला की सोड्याची बाटली फोडत होता.

मनासे गर्दीतून कसाबसा पुढे सरकला. तो बेने इस्राएल, पनवेलात त्याचा फोटो स्टुडिओ होता. पण आज तो शेजारच्या गुणाबाईला शोधत आला होता. तिची आठ वर्षांची मालू विषमज्वरानं अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी दिलेलं औषध बाबाच्या सांगण्यावरून बंद झालं होतं, कारण देवीला म्हणे गोळ्या चालत नाहीत. एरवी स्टुडिओच्या पायरीवर सागरगोटे खेळणारी ती पोर आता मांडवातल्या चटईवर डोळे अर्धवट मिटून पडली होती, आणि गुणाबाई तिच्या कपाळाला देवीची छोटी तसबीर टेकवून बसली होती. बाबा घरोघर वाटायचा त्यातलीच एक.

मनासे गुणाबाईला उठवायला वाकला आणि तसबीर जवळून पाहताच जागीच थबकला. देवी त्यालाही दिसली. खरंच दिसली, अंगावर काटा आला. पण काळ्या कापडाखाली डोकं घालून कॅमेऱ्याच्या काचेवरचं उलटं चित्र वाचण्यात त्याचा जन्म गेला होता. सवयीनं त्याची मान आपोआप एका बाजूला कलली.

तो फोटो त्यानंच काढलेला होता. गेल्या हिवाळ्यात डोंगर चढून, वारा पडायची वाट बघत त्यानं तळं टिपलं होतं. ते चित्र स्टुडिओच्या काचेत लावलं, आणि उन्हाळ्यात एक भगव्या कफनीतलं गिऱ्हाईक मोठ्या हौसेनं घेऊन गेलं होतं.

"गुणाबाई, ही तसबीर आडवी धर," तो म्हणाला.

बाबानं ऐकलं. तो गोड हसला आणि गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तुमच्या धर्मात मूर्ती नाही, शेठ. तुम्हाला देवी कशी दिसणार?"

"दिसली. म्हणूनच भीती वाटतेय," मनासे म्हणाला. मग गुणाबाईकडे वळून हळू म्हणाला, "तुझं माहेर याच गावचं. मी काही सांगत नाही. तूच बघ."

देवी कोपली तर पोर जाईल आणि हा माणूस खरा असला आणि त्याचं ऐकलं नाही तरी पोर जाईल, या दोन भीतींमध्ये गुणाबाई बराच वेळ अडकली. शेवटी तिनं तसबीर आडवी केली आणि खालचा अर्धा भाग तळहातानं झाकला.

"ही तर आमची वाघबीळ," ती पुटपुटली. "ह्यो वाकडा उंबर. आमी लाकडं आणाया जायचो तवा हितंच बसायचो."

तिनं हात काढला. खाली पाण्यात दुसरी वाघबीळ, दुसरा उंबर. कड्यातलं बीळ आणि त्याचं प्रतिबिंब हे देवीचे डोळे. उंबराची फांदी वर एक, पाण्यात एक, हे हात. डोंगराची काठाकडे उतरत गेलेली सोंड पाण्यातल्या सोंडेला मिळून मुकुट. देव उभ्या चौकटीत बसतो, ही आपली रीत. बाबानं तळंच उभं करून चौकटीत बसवलं होतं.

मांडवात तसबिरी आडव्या होऊ लागल्या. "देवीनं रूप बदललं," बाबा ओरडला, आणि खेदाची गोष्ट अशी की निम्म्या लोकांनी त्यालाही हात जोडले.

मनासेनं मालूला खांद्यावर घेतलं आणि टांगा पनवेलकडे धावला. डॉक्टर मनासेवर चिडले, गुणाबाईवर चिडले, मग कामाला लागले. पोर वाचली. पण ऐकू येणं गेलं ते कायमचंच.

गुणाबाईनं ती तसबीर फेकली नाही. दाराशेजारच्या खिळ्याला ती आडवी टांगली. आल्यागेल्याला ती खटकते, कुणी सरळ करायला हात पुढे करतो, तेव्हा गुणाबाई अडवते.

"ऱ्हाऊ द्या. सरळच हाय ती," म्हणते. "पाया पडायचं तर पडा, पन आधी एकदा फिरवून बघा. मी उशिरा फिरवली."

मालू तिथेच बसून सागरगोटे खेळत असते. आई काय बोलते ते तिला ऐकू येत नाही.