ब्रेकवरचा पाय

फोड रुपयाएवढा होता. उजव्या पायाच्या चवड्याखाली, कडा लालसर, मध्ये पाणी धरलेलं. उषाबाईनं त्यावर बोट दाबलं आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हेमराज शांतपणे चहा पीत होता.

“दुखस का?”

“काय?”

तिनं बोट काढून घेतलं. काल दुपारी सेठच्या अंगणात तापलेल्या फरशीवर अनवाणी उभं राहून त्यानं गाडी पुसली होती. चटका बसला असेल तो तेव्हाच. साखरेमुळे पायांची जाणीव जात चालली आहे, हे डॉक्टरांनी गेल्या उन्हाळ्यातच सांगितलं होतं.

“गाड्यास्नी नाडी पाहतस, सोतानी कधय पाहशात?” उषाबाई म्हणाली. “आज तरी सेठले सांगी द्या.”

“सांगसू ना.”

दिवाळीतही तो हेच म्हणाला होता.

लिंबायतच्या त्यांच्या गल्लीत हेमराजला सगळे ओळखत ते सेठच्या स्पोर्ट्स गाड्यांचा ड्रायव्हर म्हणून. तरुणपणी कापडाच्या लूमवर होता, तिथून स्टिअरिंगवर आला आणि तिथलाच झाला. गाडीत बसताना चप्पल काढून मागे ठेवायची, ही त्याची रीत. उघड्या पायाशी गाडी बोलते, असं तो म्हणे. जयंतीभाई सेठ हसत. पण किल्ली दुसऱ्या कुणाला देत नसत.

त्या सकाळी सेठ फाटकाशीच उभे होते.

“आज फैसलो करी नाखीए, हेमराजभाई. लाल के सफेद? हवे बे नथी सचवाती.”

दोन्ही गाड्या सांभाळणं सेठना आता होत नव्हतं. एक विकायची होती, आणि कोणती ते हेमराजनं चालवून सांगायचं होतं.

आधी लाल काढली. डुमसच्या रस्त्यावर तिचं जड स्टिअरिंग हातात आलं आणि हेमराज थोडा सैलावला. रस्त्यावरचा प्रत्येक खडा तळहाताला कळत होता. वळणावर मागची चाकं किंचित बाहेर ओढली गेली, मग शहाण्यासारखी ओळीत आली. पायाचं काम कान करत होते. इंजिनाच्या आवाजावरून किती दाबलं ते त्याला समजत होतं.

“आ तो घरनी वहू,” शेजारी बसलेले सेठ घरच्या सुनेचं कौतुक करावं तसे म्हणाले. “बोलकी, पण आपली.”

मग पांढरी. तिचं स्टिअरिंग दोन बोटांवर फिरत होतं. वळणावर ती झुकलीसुद्धा नाही, रुळावरून जावी तशी गेली. चांगली गाडी होती, लालपेक्षाही चांगली. फक्त तिला आवाज नव्हता. कानांना धरायला काही उरलं नव्हतं.

सिग्नल लाल झाला. हेमराजनं ब्रेक दाबला. गाडी पुढे जातच राहिली. त्यानं पुन्हा, सगळ्या अंगाचा भार देऊन दाबला, तेव्हा ती पुढच्या स्कूटरच्या वीतभर मागे थांबली. स्कूटरवरच्या बाईनं मागे वळून पाहिलं. तिच्या पुढ्यात एक मूल उभं होतं.

“ओ काका, सो रहे हो क्या?”

हेमराजनं खाली पाहिलं. पाय ब्रेकच्या कडेवर अर्धाच होता. पाहिलं नसतं तर त्याला ते कळलं नसतं.

सिग्नल सुटला. पुढे जाऊन त्यानं गाडी कडेला घेतली. सेठचा हात अजून डॅशबोर्डवर होता.

“आना ब्रेक ज बेकार छे!” ते म्हणाले. “वेची नाखीए. लाल राखीए. तमे छो ने, चलावजो निरांते.”

हेमराज गप्प राहिला असता तरी चाललं असतं. पांढरी विकायची असा सेठनं निकाल दिला होता, दोष गाडीवर गेला होता, उद्याही लालची किल्ली त्याच्याच हाती आली असती. ती बाई मुलाला घेऊन कुठल्या कुठे निघून गेली होती.

त्यानं इंजिन बंद केलं. मागून चप्पल घेतली, पायांकडे नीट पाहून दोन्ही पायांत घातली आणि किल्ली सेठच्या हातावर ठेवली.

“गाडी चांगली आहे, सेठ. ब्रेकही चांगला आहे,” तो म्हणाला. “माझ्या पायाला कळत नाही. मी आता गाडी चालवणार नाही.”