वाइसोसोच्या चिखलात मी अडकलो तेव्हा

मित्रांनो, डोक्यावर घण खाता खाता ज्याची उभी हयात गेली, असा मी एक जुना पेनेट्रोमीटर आहे. नाव अवघड असलं तरी काम सोपं. मी म्हणजे एक पोलादी कांब. खाली टोक आणि वर कांबीवरून सरकणारा नऊ किलोचा घण. घण उचलायचा, सोडायचा आणि किती ठोक्यांत मी किती उतरलो ते मोजायचं. पुष्कळ ठोके लागले तर जमीन कणखर, थोडे लागले तर मऊ. सुवा शहरातल्या आमच्या ऑफिसात सगळे मला ठोक्या म्हणत.

मी दोन वर्षं कोपऱ्यात पडून होतो. मग वासिती आली. ती नुकतीच माती तपासणारी इंजिनिअर झाली होती. स्टोअर सांभाळणारे अपेनिसाकाका तिला म्हणाले, "पोरी, हा घण उचलून हात दुखतील तुझे. तू आपली कागद सांभाळ."

"काका, माझी आई रोज कसाव्याच्या कंदांची दोन पोती पाठीवरून आणायची. तिला नाही कुणी विचारलं, हात दुखतात का म्हणून," असं म्हणत तिनं मला खांद्यावर घेतलं. वळताना माझं टोक लागून काकांचा चहाचा कप फुटला. आमच्या दोघांच्या नोकरीला त्या आवाजानं सुरुवात झाली.

पहिलं मोठं काम निघालं वाइसोसोला, तिच्या आईच्या माहेरी. गावाला भक्कम हॉल हवा होता. चर्चच्या जेवणाला आणि वादळात आसऱ्याला. गावचे मुखिया इलाइतिया म्हणजे वासितीचे सख्खे मामा. त्यांनी नदीकाठची सपाट जागा आधीच ठरवली होती. चटया अंथरल्या, स्वागताचं यांगोनाच्या मुळ्यांचं पेय पिऊन झालं आणि वासितीनं मला उभं केलं.

घण उचलायची वेळच आली नाही. मी आपल्याच वजनानं खाली निघालो! तिनं दुसरी कांब जोडली, तिसरी जोडली. मला वाटलं, आता थेट समुद्राच्या तळाशीच गाठ.

"तू जोर लावलास!" मामा ओरडले.

"मी हातही लावला नाही, मामा."

"सर बाजूला. मला बघू दे."

मामा चांगले सव्वाशे किलोचे. ते माझ्यावर रेलले आणि माझ्याबरोबर तेही गुडघ्यापर्यंत आत गेले. आधी पुरुषांनी मामांना ओढून काढलं. मग बायकांनी गाणं म्हणत मला ओढलं. मी एकदम सुटलो आणि अख्खी रांग पाठीवर आडवी झाली. मामांची एक चप्पल मात्र तिथंच राहिली.

दोन दिवस आम्ही गाव ठोकून काढलं. एकाच जागी घण खणखणीत वाजला. ती जागा म्हणजे गावचं रग्बीचं मैदान!

"मैदानावर हॉल? त्यापेक्षा वादळ परवडलं!" एक म्हातारा म्हणाला.

वासितीनं आकडे दाखवले, चित्रं काढली. कुणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी तिनं कागद गुंडाळले आणि मामांसमोर चटईवर मान खाली घालून बसली. "इंजिनिअर म्हणून सांगितलं, ते तुम्ही ऐकलं नाहीत. आता भाची म्हणून मागते. मैदान मला द्या."

त्या मुलखात भाचीनं मागितलं तर मामाला नाही म्हणता येत नाही. मामांनी डोळे मिटले. "अगं, डुक्कर माग, होडी माग..."

"मैदान."

"आणि पोरांनी खेळायचं कुठं?"

"तुमची चप्पल आहे तिथं. पोरं पडली तरी लागणार नाही."

सगळ्यात आधी मामीच हसल्या, आणि मग मामांचा नाइलाज झाला.

हॉल उभा राहिला. चिखलाच्या नव्या मैदानावर पाहुणे संघ घोट्यापर्यंत रुतायचे. सहा वर्षं वाइसोसो हरलं नाही. मधेच मोठं वादळ आलं. नदीकाठ पाण्याखाली गेला. दोनशे माणसं आणि अकरा डुकरं हॉलमध्ये बसून राहिली. छप्पर कुरकुरलं, पण पाया तसूभरही हलला नाही. नंतर मामांनी रेडिओवर सांगितलं, "हॉल मैदानातच बांधा, असं मी पहिल्यापासून म्हणत होतो." ते ऐकून वासिती पोट धरून हसली. मग बराच वेळ डोळे पुसत राहिली.

पुढं आम्ही रस्ते केले, पूल केले, धक्के केले. वासिती ऑफिसची प्रमुख झाली. मग ट्रकवरचं यंत्र आलं, पडद्यावर आपोआप आकडे दाखवणारं. मी आधी दाराला अडसर झालो, मग मागच्या अंगणात कपड्यांच्या दोरीचा टेकू. ज्याच्या शब्दावर पूल उभे राहिले, त्याच्या डोक्यावर मोजे वाळू लागले. अंगाला गंज चढला.

काल मात्र एका लहान बेटावरचं काम आलं. ट्रक काही होडीत मावेना. वासिती स्वतः अंगणात आली. "ही चड्डी कुणाची?" तिनं विचारलं. कुणीच कबूल होईना. तिनं मला काचकागदानं घासलं, तेल लावलं आणि आज होडीतून इथं बेटावर आणलं.

मित्रांनो, काम झाल्यावर अवजार पुसून ठेवत जा, तेलाचं एक बोट फिरवत जा. आणि जमिनीवर काही उभं करण्याआधी तिला विचारत जा. ती खोटं बोलत नाही.

आणखी सांगितलं असतं; पण वासितीनं घण उचलला आहे, आणि ठोके मोजताना मधे कुणी बोललेलं तिला खपत नाही.