माझ्या अंगावरची बारीक अक्षरे

मी एक जुना मदरबोर्ड आहे. मित्रांनो, संगणकाच्या पेटीत डोकावलात, तर बाकी सगळ्यांना अंगाखांद्यावर घेऊन बसलेली एक हिरवी पाटी दिसेल, ती मीच. कारखान्यात माझ्यावर केसाएवढ्या बारीक वाटा आखल्या आणि शेवटी कोपऱ्यात माझे नाव छापले. चौदा वर्षे ते कोणी वाचले नाही. कौतुक होते ते पडद्याचे. आम्ही आपले पडद्याआड.

माझे घर एका सुताराचे. त्याची बायको निवृत्त शिक्षिका. अंध मुलांच्या शाळेसाठी ती पाठ्यपुस्तके मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करते आणि तिचा आवाज माझ्यातून जातो. मला अजून याचे नवल वाटते. बाईंनी ‘नदी’ म्हणावे, माझ्या अंगात त्याची वीज व्हावी आणि दूरच्या शाळेत कोणाच्या तरी कानात पुन्हा ‘नदी’ उमटावी! मी तर जागचा हलतही नाही.

यंदा मात्र मी थकलो. मोठा धडा आला की मला धाप लागे आणि मधले शब्दच गळत. बाई एकेक ओळ वाचून तुकडे जोडत बसत. परीक्षा तीन आठवड्यांवर आली, तरी इतिहासाचे निम्मे पुस्तक बाकी होते. त्या मुलांकडे दुसरे पुस्तक नव्हते.

सुताराला बायकोचे हाल बघवेनात. त्याने दुकानातली सगळ्यात नवी मेमरीची पट्टी आणली. ती माझ्या खोबणीत बसेना, कारण तिची खाच जराशी बाजूला होती. आता सुतारच तो. बसत नाही ते तासायचे, हा त्याचा जन्माचा शिरस्ता. त्याने कानस घेतली, खाच वाढवली आणि दोन्ही अंगठ्यांनी पट्टी दाबून बसवली. मग संगणकाची कळ दाबली, तर मी ठार मुका.

“मीच मारलं याला,” तो खाली बसत म्हणाला.

बाईंनी पुस्तक मिटले.

दुसऱ्या दिवशी संगणक दुरुस्त करणारी आली. बाईंचीच जुनी विद्यार्थिनी, जरा फटकळ. तिने पट्टी काढून उजेडात धरली.

“काका, ही कानस कोणी चालवली?”

“बसत नव्हती, म्हणून थोडी घासली.”

“लाकूड घासून बसतं हो. ही पट्टी पुढच्या पिढीची आहे, हिला लागणारी वीजसुद्धा वेगळी. बोर्ड वाचला हे नशीब समजा.”

मग तिने भिंग काढले आणि माझे नाव वाचले. मित्रांनो, माझ्या अंगावर पिनांचे काटे मुळातच पुष्कळ, पण त्या क्षणी आणखी एक आल्यासारखे वाटले.

“याला काय चालतं ते आधी यालाच विचारायचं, मग दुकानाची पायरी चढायची,” ती म्हणाली.

सुताराने घासलेली पट्टी हातात घेतली. “चौकट मोजल्याशिवाय मी आजवर एक दार केलं नाही,” तो म्हणाला. “आणि इथे बघ.”

तिने माझ्याच पिढीच्या दोन जुळ्या पट्ट्या आणल्या. माहिती साठवणाऱ्या जुन्या, घरघरणाऱ्या डिस्कमधले सगळे एका न फिरणाऱ्या, चपट्या डिस्कवर उतरवून घेतले. वीज पुरवणाऱ्या डब्याला हे झेपेल का, तेही तपासले. मग कळ दाबली. जिथे पाच मिनिटे लागायची, तिथे मी पापणी लवायच्या आत जागा झालो आणि आवाज कसलाच नाही. एवढी शांतता आणि एवढा वेग माझ्यात मावतो, हे मलाच ठाऊक नव्हते. मी तर तोच होतो.

बाईंनी सलग तासभर वाचले. एक शब्द गळला नाही. परीक्षेच्या नऊ दिवस आधी पुस्तक शाळेत पोहोचले.

मित्रांनो, जुन्याला नव्याची जोड जरूर द्या. पण सगळ्यात नवे काय, हे विचारण्याआधी जुन्याला काय मानवते ते बघा. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून तर ते आमच्या अंगावर लिहून ठेवलेले असते.

आठवड्याने शाळेतल्या एका मुलीचा ध्वनिमुद्रित निरोप आला. सुतार दारात उभा राहून ऐकत होता.

“बाई, आधी तुमचे नुसते शब्द यायचे. या वेळी तुम्ही श्वास घेता तोही ऐकू आला. मला वाटलं, तुम्ही शेजारीच बसून वाचताय.”